डायलिसिस मोफत झालं, जवळही आलं; आता मोजायचं काय?

सावली (जि. वडोदरा) : सावली ते बडोदा अंतर साधारण 30 किलोमीटर. जाऊन-येऊन 60. आठवड्यातून तीन वेळा म्हणजे 180, आणि वर्षाचे 52 आठवडे धरले तर 9,360 किलोमीटर. किडनी निकामी झालेला माणूस शहरातल्या मशीनवर अवलंबून असेल तर वर्षभरात एवढा प्रवास त्याच्या वाट्याला येतो. त्यातला निम्मा प्रवास चार तास रक्त गाळून झाल्यावर, अंगात त्राण नसताना, एसटीत नाहीतर शटल रिक्षात बसून करायचा. सोबत घरचं कुणीतरी लागतंच, म्हणजे त्याचीही हजेरी बुडाली. मंजुसरच्या जीआयडीसीत कंत्राटी कामावर असलेल्या पोराला आठवड्याला तीन खाडे कोण देणार?

मराठी वाचकाला सावली हे नाव अगदीच परकं नसावं. 1732 मध्ये डाकोरला पिलाजीराव गायकवाडांचा खून झाला, तेव्हा त्यांच्या माणसांनी देह मही नदीपलीकडे आणून सावलीत अग्नी दिला. आज या गावाची ओळख आजूबाजूच्या कारखान्यांची, मेट्रोचे डबे बनवणाऱ्या कारखान्याची. पण वरचा हिशेब एकट्या सावलीचा नाही. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, निपाणी, जत, कुठलंही तालुक्याचं गाव घ्या आणि किलोमीटरचा आकडा बदला. नंदुरबारकडच्या डोंगरातला आकडा तर सावलीच्या दुप्पट-तिप्पट निघेल.

म्हणूनच तालुक्याच्या गावात डायलिसिस सुरू होणं ही मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा त्यांनीच आकडे दिले होते : दरवर्षी 2.2 लाख नवे रुग्ण, वर्षाला 3.4 कोटी डायलिसिसची वाढीव गरज, आणि देशभरात केंद्रं सुमारे 4,950, तीही बहुतेक खासगी आणि मोठ्या शहरांत. गुजरातनं या बाबतीत आपल्यापेक्षा आधी पाय उचलला, हे मान्य करावं लागेल. कॅनडातली प्रॅक्टिस सोडून परतलेल्या डॉ. एच. एल. त्रिवेदींनी अहमदाबादेत जी किडनी संस्था उभी केली, तिच्याच देखरेखीखाली राज्याचा डायलिसिस कार्यक्रम चालतो. 2022 मध्ये 'वन गुजरात वन डायलिसिस' या नावानं त्याचा आणखी विस्तार झाला. रुग्णाला घराजवळ, पैसे न घेता डायलिसिस, हे सूत्र.

मोफत झालं. जवळ आलं. आता तिसरा प्रश्न, जो उद्घाटनाच्या फितीबरोबर कुणी विचारत नाही : जे मिळतं ते चांगलं आहे का, आणि ते ओळखायचं कसं?

पैसे सेशनचे, तब्येत वर्षाची

मी कॉमर्सचा माणूस, डॉक्टर नाही. म्हणून सुरुवात बिलापासून करतो. सरकार केंद्राला पैसे देतं ते सेशनमागे. माणूस आला, मशीनला लागला, उतरला, की एक सेशन. त्याचं हिमोग्लोबिन किती, वजन किती उतरलं, युरिया किती घटला, यावर रक्कम कमी-जास्त होत नाही. ज्याचे पैसे मिळतात तेच मोजलं जातं, हा कुठल्याही धंद्याचा नियम. मग वर्षअखेरीस जाहीर काय होतं? अमुक हजार डायलिसिस केले. किती माणसं कामावर परत गेली, किती जणांना वर्षात इस्पितळात भरती व्हावं लागलं, हे कुठेच येत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये गुजरातेत यावरून मोठा वाद पेटला होता. आयुष्मान योजनेतला डायलिसिसचा दर 2,000 रुपयांवरून 1,650 वर आणला गेला. रुग्णाला प्रवासासाठी मिळणारे 300 रुपये त्याहून वेगळे. राज्यातल्या नेफ्रॉलॉजिस्ट मंडळींनी 14 ते 16 ऑगस्ट असे तीन दिवस योजनेतलं डायलिसिस बंद ठेवलं. डॉक्टर म्हणत होते, एवढ्या पैशांत दर्जा राखता येणार नाही.

आकडा मांडून बघू. दहा मशीन, दिवसाला तीन शिफ्ट, महिन्याचे 26 दिवस : 780 सेशन. सेशनमागे 350 रुपये कमी म्हणजे महिन्याला 2 लाख 73 हजारांचा खड्डा. आता केंद्र चालवणारा हा खड्डा कुठून भरणार? वीज कमी होत नाही. मशीनचा हप्ता कमी होत नाही. उरतं काय? टेक्निशियनचा पगार, डायलायझर किती वेळा धुऊन वापरायचा ते, आरओचे फिल्टर कधी बदलायचे ते, आणि वेळ. म्हणजे नेमकं तेच, जे रुग्णाला डोळ्यांनी दिसत नाही. डॉक्टरांनी तीन दिवस मशीन बंद ठेवावं हे मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. जे रुग्ण त्या तारखांना येणार होते त्यांनी कुठे जायचं? पण त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता. दर कमी करताना दर्जा कोण तपासणार, हे सरकारनं त्याच कागदावर लिहायला हवं होतं.

अर्धा तास

दर्जातली सगळ्यात सोपी, घड्याळावर मोजता येणारी गोष्ट म्हणजे वेळ. निरोगी किडनी आठवड्याचे 168 तास काम करते. मशीन आठवड्यातून तीनदा चार-चार तास, म्हणजे 12 तासांत तेच काम उरकायला बघतं. मुळातच तोकडं आहे. त्यातून कुणी अर्धा तास कापला तर?

माझ्या नात्यातले एक गृहस्थ एका शहरातल्या केंद्रावर जायचे. साडेतीन तास झाले की पुढच्या शिफ्टचे लोक दारात उभे राहायचे आणि यांचं मशीन उतरवायची घाई सुरू व्हायची. गंमत म्हणजे गृहस्थही खूश असत, लवकर सुटलो म्हणून. अर्ध्या तासानं काय होतंय? दर खेपेला अर्धा, आठवड्याला दीड, वर्षाला 78 तास. म्हणजे जवळजवळ वीस पूर्ण सेशन गेले. कागदावर मात्र 156 पैकी 156. पायावर सूज, रात्री उताणं झोपलं की दम लागायचा, आणि घरचे म्हणायचे, वय झालं.

आपल्याकडे आठवड्यातून तीनऐवजी दोनच वेळा येणारे कितीतरी आहेत. कधी मशीनचा नंबर लागत नाही, कधी गाडीभाड्याला पैसे नसतात, कधी माणूस स्वतःच कंटाळतो. थोडी लघवी अजून होत असेल तर काहींना डॉक्टर सुरुवातीला दोन सांगतातही. पण तो निर्णय तपासणी बघून डॉक्टरनं घ्यायचा, बसच्या वेळापत्रकानं नाही.

रक्त पुरेसं गाळलं गेलं की नाही हे कळायला एक साधा हिशेब आहे, तो रुग्णाच्या घरी दहावी झालेली मुलगीसुद्धा करू शकते. डायलिसिसच्या आधी आणि नंतर रक्तातला युरिया तपासायचा. आधी 150 होता, नंतर 52 झाला, तर 98 उतरला. म्हणजे 65 टक्के. निदान 65 टक्के उतरला पाहिजे, असं सर्वसाधारण माप आहे. 150 चा 75 झाला असेल तर 50 टक्केच, कुठेतरी गडबड आहे : वेळ कमी पडला, सुई नीट लागली नाही, फिस्टुला अरुंद झाला, की डायलायझर जुना झाला. महिन्यातून एकदा ही तपासणी होते का, आणि तिचा कागद रुग्णाच्या हातात मिळतो का? छोट्या केंद्राबद्दल विचारायचा पहिला प्रश्न मी हाच धरेन. एसी आहे का, टीव्ही आहे का, हे नंतर.

पाणी

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे जरा थांबावं लागेल. मशीनच्या जाळीच्या एका बाजूनं रक्त जातं, दुसऱ्या बाजूनं क्षार मिसळलेलं पाणी. मिनिटाला अर्धा लिटर, चार तासांत 120 लिटर. आठवड्याला 360. आपण आठवडाभरात पितो त्याच्या कितीतरी पट पाणी त्या माणसाच्या रक्ताला खेटून जातं, आणि मध्ये पोट नाही, आतडं नाही, फक्त एक पातळ जाळी. वर सांगितलेल्या दहा मशीनच्या केंद्राला दिवसाला 3,600 लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि आरओ जे टाकून देतो ते वेगळं. तालुक्याच्या गावात उन्हाळ्यात हे पाणी कुठून येणार? बोअरचं, नळाचं, नाहीतर टँकरचं.

टँकर म्हटलं की 1996 ची ब्राझीलमधली घटना आठवावी लागते. कारुआरू नावाच्या गावातल्या डायलिसिस केंद्रात असंच टँकरनं, धरणातलं, नीट शुद्ध न केलेलं पाणी आलं. त्यात शेवाळासारख्या सूक्ष्म जिवांचं विष होतं. 50 हून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. मशीन चालू होती, कर्मचारी हजर होते, सेशनची नोंद होत होती.

तेव्हा आरओ प्लांटच्या खोलीत डोकवायला लाजू नका. पाण्याची जंतूंची तपासणी शेवटची कधी झाली, क्लोरीन रोज बघतात का, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. क्लोरीन पाण्यात राहून गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गावातला नळपाणी विभाग पावसाळ्यात ब्लीचिंग पावडर वाढवतो, हे केंद्राला कुणी कळवतं का? मला शंका आहे. नगरपालिका आणि दवाखाना यांच्यात एका फोनचं काम आहे, पण ते कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

संसर्गाचंही तसंच. कावीळ 'बी' असलेल्या रुग्णाचं मशीन वेगळं हवं. नव्या रुग्णाला 'बी'ची लस द्यायची, तीही नेहमीच्या दुप्पट मात्रेची आणि चार वेळा. एकाच हातमोज्यांनी दोन खाटांवर काम झालं तर 'सी' पसरायला वेळ लागत नाही, आणि 'सी'ला लस नाही. घाईच्या शिफ्टमध्ये हातमोजे बदलले जातात की नाही, हे शेजारच्या खाटेवरून स्वच्छ दिसतं.

छोटं असणं हा दोष नाही

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की बरं बाबा, आपलं शहरातलं मोठं हॉस्पिटलच बरं. तसं माझं म्हणणं नाही. छोट्या केंद्रात टेक्निशियनला प्रत्येकाची शीर पाठ असते, कुणाचा बीपी तिसऱ्या तासाला पडतो हे न सांगता कळतं, आणि एखादा आला नाही तर घरी फोन जातो. शहरात फाईल नंबर असतो. डायलिसिस हे मुळात रोजच्या शिस्तीचं काम आहे, आणि शिस्त तालुक्यालाही जमते.

छोट्या केंद्राला कमी पडते ती पाठीमागची कुमक. नेफ्रॉलॉजिस्ट रोज नसतो. मग तो महिन्यातून किती वेळा येतो, की फक्त सहीला असतो? रुग्ण मशीनवर असताना बीपी कोसळला तर जागेवर डॉक्टर कोण? 108 येईपर्यंत काय करायचं हे ठरलेलं आहे का? हातातला फिस्टुला सर्जनकडूनच करून घ्यावा लागतो आणि तो वापरण्याजोगा व्हायला आठवडे जातात. तो वेळेत झाला नाही की मानेत नळी घालून डायलिसिस सुरू होतं, आणि त्या नळीतून रक्तात संसर्ग जातो. अक्कलकुव्याकडचा रुग्ण पहिल्यांदा सुरतेला किंवा बडोद्याला पोहोचतो तोच बहुतेक दम लागलेल्या अवस्थेत. मधुमेह आणि बीपीवाल्यांचं क्रिएटिनिन वर्षातून एकदा जरी गावातच तपासलं, तरी यातले बरेच जण हातात फिस्टुला घेऊन, चालत मशीनपर्यंत येतील. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलही किडनी खराब करतो, त्यांची तपासणी तर आणखी लवकर हवी.

खाण्याचा भाग आपण सगळ्यात हलक्यात घेतो. मराठी घरात कुणी आजारी पडलं की पाहुणा शहाळं घेऊन येतो. डायलिसिसच्या माणसाला शहाळं म्हणजे पोटॅशियमचा डोस. हृदय बंद पडू शकतं. गुजरातेत राहणाऱ्यांकडे शहाळ्याच्या जोडीला पापड, अथाणं, फरसाण आहेच, म्हणजे मीठ, मग तहान, मग पाणी, मग सूज. हे सगळं रुग्णाला त्याच्या भाषेत कोण सांगतं? भिंतीवर गुजराती तक्ता आहे, रुग्णाची आई पावरी बोलते, नाहीतर मराठी. टेक्निशियननं पाच मिनिटं बसून सांगितलं तर पुढची भरती टळते, पण ती पाच मिनिटंही बिलात येत नाहीत.

आणि सुट्ट्या. अमेरिकेत 32 हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासून 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आठवड्यातल्या लांब, दोन दिवसांच्या खंडानंतर मृत्यू आणि हृदयविकाराच्या भरती वाढतात. तिथे हा खंड शनिवार-रविवारचा किंवा रविवार-सोमवारचा. इकडे उत्तरायणाचे दोन दिवस पतंगांचे, आणि दिवाळीत तर लाभपाचमेपर्यंत गावचं शटर खाली. कर्मचाऱ्यांनाही घर आहे, त्यांनी जाऊच नये असं कोण म्हणेल. पण दिवाळीचं शिफ्टचं वेळापत्रक पंधरा दिवस आधी भिंतीवर लागलं पाहिजे, आणि खंड पडणारच असेल तर त्या दिवसांत पाणी-मीठ किती आवरायचं ते प्रत्येकाला सांगितलं पाहिजे.

कार्ड कुठलं चालतं

सीमेवरच्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न. आयुष्मान कार्ड देशात कुठल्याही राज्यातल्या नोंदणीकृत रुग्णालयात चालतं, त्यामुळे नंदुरबारचा कार्डधारक गुजरातेत डायलिसिस घेऊ शकतो. पण गुजरातनं जुलै 2023 पासून जी मर्यादा 10 लाखांपर्यंत नेली, ती गुजरातच्या लाभार्थ्यांसाठी. बाहेरच्या कार्डाला केंद्राचे 5 लाखच, तेही कुटुंबाला मिळून. 1,650 च्या दरानं वर्षाच्या 156 सेशनचे 2 लाख 57 हजार 400 होतात. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एकट्याच्या डायलिसिसला गेली. फिस्टुला, एखादी भरती आणि बाकी घराची दुखणी उरलेल्यात. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना आता 5 लाखांची आहे आणि कर्नाटकातल्या 865 मराठी गावांपर्यंत नेण्याचा निर्णय महाराष्ट्रानं घेतला, त्यावर कर्नाटकानं आक्षेपही घेतला. गुजरात सीमेवर तसा वाद नाही, पण तशी सोयही नाही. कुठल्याही केंद्रात पहिल्याच दिवशी हे विचारून घ्या : हिमोग्लोबिन वाढवायचं इंजेक्शन आणि लोहाचं सलाईन पॅकेजमध्ये धरलंय की बाहेरून आणायचं? कारण सेशन मोफत आणि इंजेक्शन विकत असलं की गरीब माणूस इंजेक्शन चुकवतो, रक्त सात-आठवर येतं, आणि मग पुन्हा रक्त चढवायला बडोदा.

ज्यांचं गाव कुठल्याच केंद्राच्या टप्प्यात नाही, धडगावचे पाडे म्हणा, त्यांच्यासाठी पोटातून करायच्या डायलिसिसचा पर्याय आहे. पोटात कायमची नळी, घरीच पिशवी लावायची, दिवसातून तीन-चार वेळा. केंद्रानं 2019 मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. स्वच्छ हात, स्वच्छ जागा आणि वेळेवर पोहोचणाऱ्या पिशव्या, एवढं जमलं तर महिनोन्महिने बस लागत नाही. पण पिशव्या पोहोचवण्यात फित कापायला जागा नसते, म्हणून की काय, याबद्दल कुणी बोलत नाही.

शेवटची गोष्ट प्रत्यारोपणाची. तालुक्याच्या केंद्रात रुग्ण वर्षानुवर्षं मशीनवर राहतो आणि बदली किडनीसाठी नाव नोंदवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. गुजरातेत आधी मृत दात्याच्या अवयवासाठी अधिवासाचा दाखला मागत. बाहेरून येऊन राहिलेल्या माणसाचं तिथेच अडायचं. नोव्हेंबर 2022 मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. पाठोपाठ फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्रानंही अधिवासाची अट, 65 वर्षांची वयोमर्यादा आणि नोंदणीचं शुल्क काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा जळगावचं रेशनकार्ड घेऊन मंजुसरला नोकरी करणाऱ्या, सावलीत खोली घेऊन राहणाऱ्या माणसानं दाखला नाही म्हणून गप्प बसायचं कारण उरलेलं नाही. डायलिसिसची फाईल, रक्तगटाचा कागद आणि नेफ्रॉलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन त्यानं अहमदाबादची किडनी संस्था किंवा जवळचं नोंदणीकृत प्रत्यारोपण केंद्र गाठावं. आणि ती चिठ्ठी मागायला पुढच्या सेशनची वेळ पुरते.